बोलताना हात फार हलतात: थांबवावेत की त्यांना वळण लावावे?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट समजला आहे की नाही हे तुम्हालाही ताडून पाहता येईल. तुमचे वय ३१ आहे आणि कामाच्या ठिकाणी आठवड्यातून दोन-तीन वेळा तुम्हाला लोकांसमोर काहीतरी समजावून सांगावे लागते. दोन महिन्यांपूर्वी एका वरिष्ठांनी तुम्हाला बाजूला घेऊन सांगितले की तुमचे हात फार उडतात आणि त्यामुळे मुद्द्याकडे लक्ष राहत नाही. तेव्हापासून तुम्ही बसून बोलताना बोटे एकमेकांत घट्ट गुंतवून ठेवता आणि उभे असाल तर हात पाठीमागे धरता. हात थांबले, परंतु आता वाक्य मध्येच अडते, ऐन वेळी नेमका शब्द सुचत नाही, आणि आवाज सपाट झाल्याचे सहकारी सांगतात. तीन आठवड्यांनी बढतीची मुलाखत आहे. ही सवय कायमची कशी मोडावी, आणि ती आत्मविश्वास कमी असल्याचे लक्षण आहे का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे आणि गेली २२ वर्षे हेच काम करते आहे. सुरुवातीची काही वर्षे अडखळत बोलणारे आणि मेंदूच्या आघातानंतर वाचा गमावलेले रुग्ण माझ्याकडे येत. पुढे शिक्षक, अभियंते, वकील अशा बोलण्यावर ज्यांचे काम चालते त्या लोकांना शिकवणेही सुरू झाले. या दोन्ही कामांतून माझे जे मत तयार झाले ते असे, की तुमची मूळ अडचण हातवाऱ्यांची नाहीच. हात हलतात यात काही बिघडलेले नाही; ते एकदा उठले की खाली येत नाहीत, हे बिघडलेले असावे. ‘असावे’ असे म्हणते, कारण मी तुम्हाला बोलताना पाहिलेले नाही. पण तुम्ही केलेल्या वर्णनात, विशेषतः हात बांधल्यावर शब्द अडू लागले या एका तपशिलात, मला पुरेसे काही दिसते आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकते. तुम्ही किती लोकांसमोर बोलता, उभे राहून की बसून, समोरासमोर की पडद्यावर, आणि तुमचा विषय कोणता, यावर उत्तर बदलते. यंत्राची रचना किंवा कामाचा क्रम समजावणाऱ्या माणसाचे हात नियमावली वाचून दाखवणाऱ्याच्या हातांपेक्षा जास्त हलणारच. आणखी एक गोष्ट म्हणजे ऐकणाऱ्याची सवय. ज्या घरात, ज्या गटात आपण वाढलो तिथले हातवारे आपण भाषेसारखेच उचलतो. डेव्हिड एफ्रॉन यांनी न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण इटालियन आणि पूर्व युरोपीय ज्यू लोकांचा अभ्यास करून १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका गटाचे हात खांद्यापासून मोठे फिरत, तर दुसऱ्या गटाचे कोपर अंगाशी राहून हालचाल मनगटाजवळ होई. मात्र अमेरिकी समाजात मिसळून गेलेल्या पुढच्या पिढीत हा फरक बराच पुसला गेला होता. हातवारे रक्तातून येतात हा त्या काळी जोरात असलेला समज त्या अभ्यासाने खोडून काढला. तुमच्या वरिष्ठांना जे ‘फार’ वाटले ते दुसऱ्या कोणाला अगदी नेहमीचे वाटू शकते. म्हणून त्यांचा अभिप्राय टाकून देऊ नका, पण तो तुमच्या स्वभावावरचा निकाल आहे असेही समजू नका.

आता मुख्य मुद्दा. हात बांधल्यावर शब्द का अडतात?

आपण बोलतो तेव्हा आधी विचार पूर्ण होतो, मग तो शब्दांत उतरतो आणि हात फक्त वरून सजावट करतात, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात हात आणि शब्द एकाच वेळी, एकाच विचारातून निघतात. ॲडम केंडन आणि डेव्हिड मॅकनील या अभ्यासकांनी ध्वनिचित्रफिती अक्षरशः चौकटीगणिक तपासून हे दाखवले. मीही माझ्या कामात अशा फिती संथ गतीने पाहते. एका फितीत पाण्याचा पंप समजावणारा एक तंत्रज्ञ आहे. त्याचा उजवा हात टेबलावरून उठतो, बोटे वाटीसारखी जुळतात, मनगट थोडे वळते, मग झाकण उघडावे तशी चारही बोटे एकदम वर होतात. आणि बोटे उघडू लागल्यानंतर क्षणभराने तोंडातून ‘झडप’ हा शब्द येतो. शब्द यायच्या आधी हाताने ती झडप उघडून दाखवलेली असते. असे एकदा नव्हे, दर मिनिटाला घडत राहते, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

हातवारे फक्त समोरच्यासाठी असते, तर समोर पाहणारा नसताना ते थांबायला हवे होते. पण फोनवर बोलतानाही आपण हात हलवतोच. याहून ठळक पुरावा आयव्हर्सन आणि गोल्डिन-मेडो यांनी १९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला. जन्मापासून अंध असलेली, म्हणजे कोणाचेही हातवारे कधीच न पाहिलेली मुले बोलताना हातवारे करतात, आणि समोरची व्यक्तीही अंध आहे हे माहीत असताना करतात. पाहून उचललेली ही नुसती लकब असती, तर या मुलांमध्ये ती आली कुठून असती?

सुझन गोल्डिन-मेडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००१ चा एक प्रयोग मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, कारण तो तुमच्यासारख्यांच्या अडचणीला थेट भिडतो. मुलांना आणि प्रौढांना एक गणित सोडवायला दिले, मग लक्षात ठेवण्यासाठी शब्दांची किंवा अक्षरांची यादी दिली, आणि ती यादी मनात धरूनच गणित कसे सोडवले ते समजावून सांगायला लावले. हात मोकळे असताना लोकांना त्या यादीतले जास्त आठवले आणि हात स्थिर ठेवायला सांगितल्यावर कमी. म्हणजे हात हलत असताना डोक्यावरचा भार हलका झाला होता आणि उरलेली जागा स्मरणाच्या कामी आली होती. तुमच्या बाबतीत याच्या उलट घडते आहे. मुद्दा आठवणे, समोरच्याचा चेहरा वाचणे, वेळ सांभाळणे या कामांत आता ‘हात हलू द्यायचे नाहीत’ हे एक काम वाढले आहे आणि हातांची मदतही बंद झाली आहे.

रॉशर, क्राउस आणि चेन यांनी १९९६ मध्ये लोकांना व्यंगचित्रपटातील प्रसंग सांगायला लावले आणि काही वेळा त्यांचे हात अडकवून ठेवले. हात अडकलेले असताना जागा, दिशा, हालचाल यांचा उल्लेख असलेल्या वाक्यांत बोलण्याचा वेग मंदावला. इतर वाक्यांत तसे झाले नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. असे का होते याबाबत अभ्यासकांची स्पष्टीकरणे वेगवेगळी आहेत. क्राउस यांच्या मते हात शब्द शोधायला मदत करतात, तर सोतारो किता यांच्या मते हात विचाराचे वाक्यात मावतील असे तुकडे पाडून देतात. माझ्या कामात मला दोन्ही गोष्टी दिसतात. तुम्हाला स्वतः पडताळून पाहायचे असेल तर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसा आणि बुटाची नाडी कशी बांधायची हे कोणाला तरी सांगा. ‘ते... हे... म्हणजे आपलं...’ असे सुरू होईल, आणि खांदे आपोआप हलू लागतील. मग हात सोडून तेच पुन्हा सांगा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथेच देते. नाही, हातवारे हे आत्मविश्वास कमी असल्याचे लक्षण नाही. पण बोलताना हात जे जे काही करतात ते सगळे एकाच जातीचे नसते, आणि तिथे मात्र नीट पाहायला हवे.

पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी १९६९ मध्ये केलेल्या वर्गीकरणातील दोन प्रकार मला रोज उपयोगी पडतात. पहिला प्रकार बोलण्याला जोडलेल्या हातांचा. हे हात आकार दाखवतात, दिशा दाखवतात, दोन गोष्टी दोन बाजूंना ठेवतात, किंवा जोर द्यायच्या शब्दावर ठेका देतात. दुसरा प्रकार स्वतःलाच चाचपणाऱ्या हातांचा. अंगठी फिरवणे, पेनाचे बटण टकटक दाबणे, बाही ओढणे, मानेवरून हात फिरवणे, नाक चोळणे, एका अंगठ्याने दुसऱ्या अंगठ्याचे नख खरवडणे हे सगळे त्यात येते. पहिल्या प्रकाराचा संबंध बोलण्याच्या आशयाशी असतो; दुसऱ्याचा आशयाशी काहीही संबंध नसतो, तो बहुधा ताणाबरोबर वाढतो. ऐकणाऱ्याला मात्र दोन्ही मिळून ‘हात फार हलतात’ एवढेच जाणवते, आणि तो तेवढेच सांगतो.

तुम्ही बोटे घट्ट गुंतवून बसता असे लिहिले आहे. माझा अंदाज असा, की गुंतवलेल्या त्या बोटांमध्ये अंगठे शांत नसावेत. उपयोगी पडणारे हात बंद केले की बहुतेकांच्या बाबतीत चाचपणारे हात वाढतात, आणि माणूस शांत दिसण्याऐवजी अधिक अस्वस्थ दिसू लागतो. सुरुवातीच्या काळात मी स्वतः हीच चूक केली आहे. एका शिक्षिकेला मी वर्गात बोलताना टेबलाची कड धरून ठेवायला सांगितले होते. महिन्याभराने त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातांची बोटे टेबलावर तबला वाजवल्यासारखी चालत होती, वाक्ये तुटक झाली होती, आणि ‘आता विद्यार्थी मध्येच काही विचारत नाहीत’ असे त्या खिन्न होऊन सांगत होत्या. मी त्यांची सवय मोडायला निघाले होते आणि त्यांचे शिकवणे मोडून बसले. त्यांची पहिली फीत पुन्हा नीट पाहिली तेव्हा लक्षात आले की त्यांचे हात मुळात उत्तम होते, फक्त ते कुठे थांबत नव्हते. त्यानंतर मी कोणालाही हात बांधायला सांगितलेले नाही. लहानपणी आपण सगळ्यांनी ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ऐकलेले आहे; त्या आज्ञेत हात आणि तोंड एकत्रच बंद होतात, आणि माझ्या अनुभवात मोठेपणीही ती दोन्ही बहुधा एकत्रच बंद होतात.

आता काय करायचे ते सांगते. पहिले काम फक्त पाहण्याचे आहे. तुमच्या विषयावर पाच मिनिटे, समोर एखादा खरा ऐकणारा बसवून, बोला आणि मोबाइल थोडा दूर ठेवून त्याची फीत काढा. कॅमेऱ्याशी एकट्याने बोललेली फीत उपयोगाची नाही, कारण एकट्याने बोलताना माणूस वेगळाच वागतो. मग ती फीत तीनदा पाहा. पहिल्यांदा आवाज बंद करून: डोळ्याला नेमके काय खटकते, ते किती वेळा येते, आणि हात पूर्ण थांबलेले असे क्षण किती आहेत ते मोजा. दुसऱ्यांदा पडद्याकडे न पाहता फक्त ऐका आणि शब्द कुठे अडतात, वाक्य कुठे संपता संपत नाही ते टिपून ठेवा. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र पाहा. बहुतेकांना या तिसऱ्या वेळी एक गोष्ट लख्ख दिसते, आणि ती तुम्ही स्वतः पाहावी म्हणून मी एवढा आग्रह धरते आहे: हात सर्वांत जास्त फडफडतात ते माणूस सर्वांत भरभर आणि न थांबता बोलत असतो तेव्हा.

त्याचे कारण साधे आहे. प्रत्येक हातवाऱ्याला एक घडण असते. हात विसाव्याच्या जागेवरून उठतो, मुख्य हालचाल करतो, कधी क्षणभर तिथेच थबकतो आणि परत विसाव्याला येतो. वाक्य संपले की हाताला परतायला वेळ मिळतो. पण एका वाक्याला ‘आणि मग’, ‘म्हणजे’, ‘त्यामुळे काय झालं की’ असे डबे जोडत गेलात तर परतायची वेळ येतच नाही. एक हातवारा संपण्याआधी दुसरा सुरू होतो आणि हात छातीसमोर हवेतच राहतात. पाहणाऱ्याचा डोळा थकतो तो यामुळे. हलणाऱ्या आणि थांबणाऱ्या हाताकडे डोळा आपणहून वळतो आणि त्याचा अर्थ लावतो. सतत हलणारा हात पंख्याच्या पात्यासारखा होतो, त्यात वेगळे असे काही दिसत नाही.

म्हणून दुसरे काम विसाव्याची जागा ठरवण्याचे. बसलेले असाल तर हात टेबलावर किंवा मांडीवर, एकावर एक अलगद, बोटे न गुंतवता. उभे असाल तर दोन्ही हात बेंबीच्या थोडे वर, एक तळहात दुसऱ्यात सैल ठेवलेला, किंवा सरळ बाजूला सोडलेले. बाजूला सोडलेले हात सुरुवातीला फार जड आणि परके वाटतात. पाहणाऱ्याला मात्र ते अगदी सहज दिसतात, हे फितीत पाहिल्याशिवाय कोणाला पटत नाही. कोणती जागा निवडता याला फारसे महत्त्व नाही, ती कायम तीच असावी याला आहे. खिसा, पाठीमागे धरलेले हात आणि छातीवरची घडी एवढ्या तीन जागा टाळा, कारण तिथून हात परत बाहेर काढणे हाच एक वेगळा कार्यक्रम होऊन बसतो.

तिसरे काम सरावाचे, आणि यातच खरा बदल होतो. रोज दहा मिनिटे, कामातील कोणताही विषय घ्या. एक वाक्य बोला; बोलताना हातांना हवे ते करू द्या, अजिबात अडवू नका. वाक्य संपले की तोंड मिटा, श्वास सोडा आणि हात विसाव्याला येऊ द्या. ते पोहोचल्यावरच पुढचे वाक्य. पहिले तीन-चार दिवस हे यांत्रिक वाटेल आणि मधली शांतता फार लांब वाटेल. वाटू द्या. साधारण आठवड्याने माझ्याकडच्या बहुतेकांच्या बाबतीत असे होते की वाक्ये आखूड होतात, ‘म्हणजे’ कमी होतो आणि हात आपणहून अर्ध्यावर येतात. हातांना काहीही न सांगता ते अर्ध्यावर येतात, कारण ठेका देणारे हातवारे बोलण्यातील आघातांवर पडतात. बोलण्याचा वेग उतरला की त्यांचा वेगही उतरतो. हातांवर थेट हुकूम चालवण्यापेक्षा श्वास आणि विराम यांच्या मार्गाने जाणे मला नेहमीच अधिक खात्रीचे वाटले आहे.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर: बोलण्याला जोडलेले हात राहू द्यायचे, चाचपणारे हात ओळखायचे, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी हातांना घरी येऊ द्यायचे. तीन आठवड्यांत एवढे निश्चित जमते. याच्या पुढचे मुद्दे कमी महत्त्वाचे आहेत, जमले तर घ्या.

हालचालीचा घेर खोलीच्या आकाराप्रमाणे असावा. चार जणांच्या टेबलाशी हालचाल मनगट आणि कोपरापासून पुरते. मोठ्या सभागृहात मागच्या रांगेला दिसायचे तर ती खांद्यापासून यावी लागते. तुमचे हात ‘उडतात’ असे कोणाला वाटले असेल तर सभागृहाचा घेर लहान खोलीत वापरला जात असण्याची बरीच शक्यता आहे. त्यावर उपाय म्हणून कोपर बरगड्यांना चिकटवू नका, कारण त्याने माणूस आखडलेला दिसतो. कोपर आणि बरगडी यांमध्ये वीतभर मोकळी जागा राहू द्या आणि हात खांद्याच्या वर जाणार नाहीत एवढेच पाहा.

तुलना करताना हातांचा फार सुंदर उपयोग होतो. पहिला पर्याय एका बाजूला ‘ठेवला’ आणि दुसरा दुसऱ्या बाजूला, की त्यानंतर प्रत्येक वेळी त्या त्या बाजूलाच हात गेला पाहिजे. ऐकणारा नकळत तो नकाशा मनात धरून ठेवतो, आणि बाजू बदलल्या की त्याचा गोंधळ होतो. का झाला हे त्याला सांगता येत नाही, फक्त ‘समजले नाही’ असे वाटते. काळाचा क्रम दाखवताना आणखी एक बारकावा आहे. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे आधीची गोष्ट डावीकडे आणि नंतरची उजवीकडे अशी आपली मांडणी असते. पण समोरच्याची डावी बाजू तुमच्या उजवीकडे येते. म्हणून सुरुवात तुमच्या उजव्या हाताकडून करून डावीकडे जा. आठ-दहा वेळा केले की हे अंगवळणी पडते. आणि महत्त्वाच्या वाक्यात हात जिथे पोहोचला तिथेच, वाक्य पूर्ण होईपर्यंत, थांबवून पाहा. थांबलेल्या हातात विलक्षण जोर असतो.

पडद्यावरच्या बैठकीत गणित बदलते. कॅमेऱ्याच्या दिशेने पुढे आलेला हात चेहऱ्यापेक्षा मोठा दिसतो, आणि चौकटीच्या खालून मध्येच उगवून नाहीसा होणारा अर्धा तळहात डोळ्याला फार टोचतो. पार्श्वभूमी धूसर केलेली असेल तर बोटेही अधूनमधून विरघळतात. खुर्ची थोडी मागे घ्या, म्हणजे पोटापासून वरचा भाग चौकटीत येईल. हात पुढे-मागे नेण्याऐवजी डावी-उजवीकडे हलू द्या. समोर परदेशातील लोक असतील तर ठरलेल्या अर्थाच्या खुणा टाळलेल्या बऱ्या. अंगठा आणि तर्जनी जोडून केलेले वर्तुळ काही देशांत ‘उत्तम’, जपानमध्ये ‘पैसे’ आणि ब्राझीलमध्ये असभ्य समजले जाते. बोलण्यासोबत सहज येणारे हातवारे अशा अडचणीत टाकत नाहीत.

एक वेगळी शक्यता सांगणे माझे कर्तव्य आहे. तुमच्या वर्णनावरून ती तुम्हाला लागू वाटत नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला लागू असू शकेल. हातांच्या हालचाली गप्प बसलेले असतानाही होत असतील, बोलण्याच्या लयीशी त्यांचा मेळ नसेल, त्या अलीकडेच सुरू झाल्या असतील, किंवा झटके, कंप, नकळत होणारी तीच ती हालचाल असे त्यांचे स्वरूप असेल, तर तो हातवाऱ्यांचा विषय नाही. तिथे सराव करत बसण्याऐवजी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. त्याचप्रमाणे ज्यांना अडखळत बोलण्याचा त्रास आहे त्यांनी हात बांधण्याचा सल्ला मुळीच ऐकू नये. शब्द अडकतो त्या क्षणी त्यांचा हातही हवेत अडकतो आणि शब्द सुटला की हातही सुटतो, हे मी असंख्य वेळा पाहिले आहे. तिथे आधी वाचेवर काम करायचे असते.

आता तुमची मुलाखत. आजपासून बोटे गुंतवणे आणि हात मागे धरणे पूर्ण बंद करा. पहिल्या दोन-तीन दिवसांत फीत काढून तीनदा पाहणे, त्यानंतर दोन आठवडे रोजचा दहा मिनिटांचा सराव, आणि शेवटच्या आठवड्यात दोनदा कोणाला तरी प्रश्न विचारायला लावून त्याची पुन्हा फीत काढणे, एवढेच करा. मुलाखतीच्या आदल्या दिवशी नवीन काही करू नका. मुलाखतीला जाताना हातात पेन, किल्ल्या, कागदाची गुंडाळी असे काहीही ठेवू नका; अंगठी फिरवायची सवय फितीत दिसली असेल तर त्या दिवशी ती घरी ठेवा. खुर्चीत बसल्यावर हात मांडीवर किंवा टेबलावर येऊ द्या. प्रश्न पूर्ण ऐकेपर्यंत ते तिथेच राहतील असे पाहा, कारण समोरचा बोलत असताना हलणारा हात त्याला घाई केल्यासारखा वाटतो. उत्तर सुरू करण्यापूर्वी एकदा श्वास सोडा, आणि त्यानंतर हातांचा विचार करू नका. त्यांच्यावर सोपवा. मधे कधी ते उंच गेल्याचे लक्षात आले तर झटक्याने खाली आणू नका. चालू वाक्य संपवा, त्या पूर्णविरामाबरोबर ते खाली येतील.

तुमच्या वरिष्ठांशीही एकदा बोला असे मला वाटते. ‘माझे हात अजून फार हलतात का?’ असे विचारले तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच मिळेल. त्याऐवजी पुढच्या बैठकीच्या आधी त्यांना सांगा की ज्या क्षणी लक्ष विचलित होईल त्या क्षणी कोणता मुद्दा चालू होता तेवढा कागदावर टिपून ठेवा. बैठक संपल्यावर तो कागद घ्या. तुम्ही जिथे घाईत होतात, जिथे माहिती अपुरी होती किंवा एकाच वाक्यात चार गोष्टी कोंबल्या होत्या, बहुधा त्याच जागा त्यावर सापडतील. तसे निघाले तर फितीबरोबर तो कागदही जवळ ठेवा आणि सरावासाठी नेमके तेच मुद्दे घ्या.